टेरेसवरच्या पाण्याने उंच इमारतीचे डोलणे कसे आवरावे

वरळी, प्रभादेवी आणि लोअर परळच्या पट्ट्यात जुन्या गिरण्यांच्या जागांवर दोनशे मीटरच्या आसपासचे आणि त्याहून उंच निवासी मनोरे उभे राहिले आहेत. अशा सडपातळ मनोऱ्याचा मजबुतीचा हिशेब व्यवस्थित जुळलेला असला, तरी जुलै-ऑगस्टच्या सोसाट्याच्या वाऱ्यात सर्वांत वरच्या मजल्यांवर छताला टांगलेला दिवा हलताना दिसू शकतो, बाथटबमधले पाणी हिंदकळते आणि काही रहिवाशांना गरगरते. इमारतीला धोका नसतो, पण तिथे राहणे सुखाचे राहत नाही. यावर शिअर वॉल (आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) जाड करणे किंवा मधल्या मजल्यांवर आउटरिगर (गाभ्याला बाहेरच्या स्तंभांशी बांधणारे भक्कम आडवे हात) घालणे हे मार्ग आहेतच. मात्र इमारतीचा ताठरपणा पुरेसा असून केवळ अवमंदन, म्हणजे डोलणे विरवण्याची क्षमता, कमी पडत असेल, तर काँक्रीट वाढवण्यापेक्षा माथ्याजवळ पाण्याचा डॅम्पर बसवणे पुष्कळदा स्वस्त पडते. नेमक्या मापाच्या टाकीतले पाणी इमारतीच्या तालावर, पण तिच्यामागे पाव फेरा रेंगाळत हिंदकळते, त्यामुळे टाकीच्या भिंतींवरचा त्याचा दाब नेहमी इमारतीच्या वेगाच्या विरुद्ध पडतो आणि डोलण्यातली ऊर्जा पाण्यात जिरते.

ही कल्पना जहाजांवरून आली. जर्मन अभियंता हेरमान फ्राम याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांचे आडवे डोलणे कमी करण्यासाठी पाण्याच्या टाक्या वापरल्या होत्या. इमारतींच्या बाबतीत जपानने वाट दाखवली: नागासाकी विमानतळाचा नियंत्रण मनोरा आणि योकोहामाचा मरीन टॉवर यांवर १९८७ मध्ये असे डॅम्पर बसले. पुढे व्हँकूव्हरचे वन वॉल सेंटर, फिलाडेल्फियाचे कॉमकास्ट सेंटर आणि सॅन फ्रान्सिस्कोचे वन रिंकन हिल या इमारतींनी तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले.

पुढील पद्धत स्ट्रक्चरल अभियंते आणि त्यांच्याबरोबर काम करणारे वास्तुविशारद यांना समोर ठेवून दिली आहे. तिच्यात एक आग्रह सतत जाणवेल: टाकीतल्या पाण्याची अंतिम पातळी ड्रॉइंगवर ठरवू नये. ती बांधून पूर्ण झालेली इमारत मोजून ठरवावी, आणि टाकी पहिल्या दिवसापासून त्या बदलासाठी तयार ठेवावी.

गरज आहे का?

आयएस ८७५ या इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे २०१५ च्या आवृत्तीत, मुंबईसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. उंची आणि कमीत कमी आडवे माप यांचे गुणोत्तर पाचाच्या वर गेले किंवा पहिल्या मोडची, म्हणजे इमारतीच्या सर्वांत संथ डोलण्याची, वारंवारता १ हर्ट्झच्या (सेकंदाला एका फेऱ्याच्या) खाली आली, तर वाऱ्याचा गतिक परिणाम तपासावा, असे तेच मानक सांगते. मुंबईतले बहुतेक नवे मनोरे या दोन्ही कसोट्यांत सापडतात, त्यामुळे खरा प्रश्न त्यापुढचा असतो, तो म्हणजे वरच्या वसलेल्या मजल्यावर त्वरण किती येते. दहा वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या वाऱ्यासाठी निवासी इमारतीत साधारण १५ ते १८ मिली-जी (गुरुत्वत्वरणाचे हजारांश) आणि कार्यालयांत २० ते २५ मिली-जी इतके शिखर त्वरण चालवून घेतले जाते. पाच सेकंद दोलनकाल असलेल्या इमारतीत १५ मिली-जी याचा अर्थ माथा मध्यापासून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटीमीटर जातो.

हे त्वरण हातगणिताने काढून डॅम्परचा निर्णय घेऊ नये. विंड टनेलमधली (मॉडेलवर वारा सोडून घेतलेली) चाचणी करून घ्यावी. मोठ्या इमारतींना वाऱ्याच्या दिशेतल्या धक्क्यांपेक्षा वाऱ्याला आडव्या दिशेतले डोलणे अधिक छळते, कारण दोन्ही कडांवरून भोवरे आळीपाळीने सुटत असतात. २० मीटर रुंद आणि ०.२ हर्ट्झच्या आयताकृती मनोऱ्यात, स्ट्रोहाल अंक (भोवऱ्यांची वारंवारता गुणिले रुंदी भागिले वाऱ्याचा वेग) ०.१ धरला, तर भोवऱ्यांचा ताल माथ्यावरच्या सेकंदाला ४० मीटर वेगाला इमारतीच्या तालाशी जुळतो. त्या आकड्याच्या जवळ जाण्याआधीच त्रास सुरू होतो. टनेलमधल्या मॉडेलमध्ये आजूबाजूच्या इमारती जशा आज आहेत तशा ठेवाव्यातच, शिवाय शेजारच्या रिकाम्या भूखंडावर उद्या उभा राहू शकणारा मनोराही ठेवून एक फेरी घ्यावी. गिरणगावात ही कल्पनेची बाब नाही. तिथे शेजारी येणार हे गृहीतच धरायचे असते.

आणखी एक पथ्य सुरुवातीलाच पाळावे. इमारतीच्या मजबुतीचा हिशेब डॅम्पर नाही असे समजूनच करावा. पाणी रिकामे असताना वादळ आले, तरी इमारत सुरक्षितच राहिली पाहिजे. डॅम्परचे श्रेय केवळ रहिवाशांच्या सुखसोयीच्या तपासणीत घ्यावे. भूकंपासाठीही त्यावर भिस्त ठेवू नये.

वस्तुमान आणि माप

आता एक उदाहरण धरून चालू. ६० मजली, सुमारे २२० मीटर उंचीची काँक्रीटची निवासी इमारत, कमजोर दिशेत दोलनकाल ५ सेकंद, म्हणजे वारंवारता ०.२ हर्ट्झ. माथ्यावरचे विस्थापन एक धरून पहिल्या मोडचे वस्तुमान काढले तर ते एकूण वस्तुमानाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. इथे ते २५,००० टन धरू. डॅम्परचे परिणामकारक वस्तुमान याच्या अर्धा ते दोन टक्के ठेवण्याची रीत आहे. एक टक्का घेतला, तर २५० टन. नीट जुळवलेला एक टक्क्याचा डॅम्पर इमारतीच्या स्वतःच्या अवमंदनात साधारण दोन टक्क्यांची भर घालतो. मानकात काँक्रीटसाठी दोन टक्के अवमंदन दिलेले असले, तरी खूप उंच इमारतींच्या प्रत्यक्ष मोजणीत ते बरेचदा कमी भरते, म्हणून सुखसोयीच्या हिशेबात एक ते दीड टक्का धरणे शहाणपणाचे. त्वरणातला अनुनादी, म्हणजे इमारतीच्या स्वतःच्या तालातला, भाग अवमंदनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दीडचे साडेतीन टक्के झाले, की तो भाग एक तृतीयांशाने उतरतो. २० मिली-जी असेल तिथे १३ उरतात. यापेक्षा मोठ्या घटीची आशा दाखवणाऱ्या प्रस्तावाकडे संशयाने पाहावे.

पाण्याची वारंवारता इमारतीपेक्षा किंचित कमी ठेवावी लागते. एक टक्क्याच्या डॅम्परसाठी ती ०.९९३ पट येते, म्हणजे आपले लक्ष्य ०.१९८५ हर्ट्झ. आयताकृती टाकीतल्या हिंदकळण्याची वारंवारता दोनच गोष्टींवर ठरते: डोलण्याच्या दिशेतली टाकीची लांबी आणि पाण्याची खोली. सूत्र शब्दांत असे: पाय (π) गुणिले गुरुत्वत्वरण भागिले लांबी हा एक आकडा काढावा, पाय गुणिले खोली भागिले लांबी याचा हायपरबोलिक टॅन्जंट काढून त्याने पहिल्या आकड्याला गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ घेऊन त्याला पायच्या दुपटीने भागावे. लांबी १० मीटर धरली तर आपल्या लक्ष्यासाठी खोली १.७७ मीटर येते. या प्रमाणात सगळे पाणी डोलण्यात भाग घेत नाही; तळाचा काही भाग टाकीबरोबर नुसता वाहून नेला जातो. परिणामकारक हिस्सा सुमारे ७४ टक्के भरतो, म्हणून २५० टनांसाठी ३४० टन पाणी, आणि टाकीची एकूण रुंदी १९ मीटरच्या आसपास.

इमारत दुसऱ्या दिशेतही डोलतेच. त्या दिशेत दोलनकाल ४ सेकंद असेल, तर त्याच १.७७ मीटर खोलीला ७.८ मीटर लांबी लागते. मग १० मीटर बाय ७.८ मीटरच्या तीन टाक्या शेजारी-शेजारी घ्याव्यात. एकूण पाणी ४१४ टन होते, गरजेपेक्षा थोडे जास्त, पण प्रत्येक टाकी दोन्ही दिशांचे काम करते. तीन टाक्यांचा आणखी एक फायदा असा, की एक धुवायला काढली तरी दोन कामावर राहतात.

आता ज्यासाठी सुरुवातीला आग्रह धरला तो भाग. संगणकावरच्या मॉडेलमध्ये विटांच्या भिंती, दर्शनी काचकाम, काँक्रीटची जादा ताकद यांतले बरेचसे धरलेले नसते, त्यामुळे प्रत्यक्ष इमारत पुष्कळदा मॉडेलपेक्षा ताठ निघते. समजा मोजणीत ०.२ च्या जागी ०.२२ हर्ट्झ आले. त्याच १० मीटर टाकीत आता पाणी २.२६ मीटर भरावे लागेल, म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर जास्त. उलट ०.१८ आले, तर १.३८ मीटर पुरेल. टाकी १.७७ मीटर पाणी आणि वर हातभर मोकळी जागा अशी बांधून टाकली असेल, तर पहिल्या परिस्थितीत करण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून स्लॅब, भिंती आणि त्यांखालचे स्तंभ दहा टक्के जादा वारंवारतेच्या खोलीसाठी डिझाइन करावेत, आणि त्या खोलीच्याही वर लाट छताला धडकणार नाही इतकी मोकळी उंची ठेवावी. ती लाटेच्या गणिताने किंवा लहान टाकीच्या शेक टेबल (हलत्या मंचावरच्या) चाचणीने ठरवावी. दोन्ही दिशा सारख्याच प्रमाणात ताठ निघाल्या, तर पाण्याची पातळी वाढवून दोन्ही वारंवारता जवळपास एकत्र जुळतात. एकच दिशा बदलली, तर एका बाजूची भिंत सरकवण्याची सोय हवी. त्यासाठी टाकीच्या एका टोकाला फायबरच्या जाड फळ्या बसवता येतील असे उभे खाचे काँक्रीट ओततानाच ठेवावेत. हे सुचवले की कंत्राटदार सहसा नाराज होतो, पण नंतर काँक्रीटमध्ये कापाकापी करून वॉटरप्रूफिंग बिघडवण्यापेक्षा हे परवडते.

टाकीच्या काँक्रीटसाठी पाणी साठवणाऱ्या काँक्रीट रचनांचे मानक आयएस ३३७० पाळावे. टाक्यांची जागा शक्यतो कोअरच्या (लिफ्ट-जिन्यांभोवतालच्या गाभ्याच्या) भिंतींवर असावी, पण तिथेच लिफ्ट मशीन रूमही हवी असते, आणि मुंबईत सर्वांत वरचा मजला म्हणजे सर्वांत महाग चौरस फूट. विकासकाला जागेची ही मागणी संकल्पनेच्या टप्प्यावरच सांगावी. पोलादी वस्तुमानाचा डॅम्पर, उदाहरणार्थ तैपेई १०१ मधला ६६० टनांचा गोळा, कमी जागेत मावतो, कारण पोलाद पाण्याच्या सुमारे आठपट जड आहे. मात्र त्याला दोरखंड, शॉक अब्सॉर्बर आणि कायमची यांत्रिक देखभाल लागते. पाण्याला यांतले काही लागत नाही.

जाळ्या

नुसत्या पाण्याचे स्वतःचे अवमंदन फार कमी असते. मोठ्या टाकीत ते एक टक्क्याच्याही खाली राहते. एक टक्क्याच्या डॅम्परला पाण्याचे अवमंदन सुमारे पाच टक्के हवे. तेवढे मिळाले नाही, तर पाणी जोरात हिंदकळते, पण ऊर्जा जिरत नाही आणि ती पुन्हा इमारतीत परतते. यावर उपाय म्हणजे टाकीत उभ्या जाळ्या किंवा फटी असलेल्या फळ्या. त्या टाकीच्या मध्याजवळ बसवाव्यात, कारण पहिल्या मोडमध्ये पाण्याचा आडवा वेग तिथेच सर्वाधिक असतो. टोकाच्या भिंतीजवळ बसवलेली जाळी जवळजवळ निरुपयोगी. भरीव भाग चार ते पाच दशांश असलेल्या दोन जाळ्यांपासून गणिताला सुरुवात करावी. दोन दिशांच्या टाकीत दोन्ही दिशांना आडव्या अशा जाळ्या लागतात.

जाळीचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे पाच टक्के अवमंदन एकाच विशिष्ट जोराच्या डोलण्याला मिळते. वारा मंद असेल तर कमी, वादळात जास्त. कोणत्या वाऱ्यासाठी जाळी जुळवायची हे डिझाइन करणाऱ्याने स्पष्ट लिहून ठेवावे. माझ्या मते निवासी इमारतीत दहा वर्षांच्या वाऱ्याला अचूक जुळवण्यापेक्षा, दर पावसाळ्यात येणाऱ्या वाऱ्याकडे थोडे झुकावे, कारण तक्रारी दरवर्षीच्याच वाऱ्यात येतात. जाळ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा फायबरच्या असाव्यात. क्लोरिनचे पाणी आणि समुद्राची खारी हवा साध्या पोलादाला टिकू देत नाही. त्या बोल्टने काढता-घालता याव्यात.

यू आकाराच्या टाकीचा पर्याय

लांबट उघड्या टाकीऐवजी दोन उभ्या खोल्या आणि त्यांना जोडणारा आडवा बोगदा अशीही रचना करता येते. तिची वारंवारता पाण्याच्या स्तंभाच्या एकूण लांबीवर ठरते: लांबी जास्त, ताल संथ. सर्वत्र छेद सारखा असेल, तर आपल्या लक्ष्याला सुमारे १२.६ मीटर स्तंभ लागतो. अवमंदन आडव्या बोगद्यातल्या झडपेने नियंत्रित होते, आणि ती झडप नंतर फिरवता येते, ही मोठीच सोय. पातळी दहा सेंटीमीटर चुकली तर वारंवारता एक टक्काही हलत नाही, तर उघड्या टाकीत तेवढ्याच चुकीने ती सव्वादोन टक्के सरकते. दुसरीकडे, ही रचना एकाच दिशेला काम करते. कमजोर दिशा एकच आणि ठळक असेल, तर मी हीच निवडीन.

पाणी कोणते वापरावे

घरगुती वापराच्या ओव्हरहेड टाकीलाच डॅम्पर करावे, ही सूचना प्रत्येक बैठकीत कोणीतरी करतोच. ती फेटाळावी. महापालिकेचे पाणी ठरावीक तास येते, तळटाकीतून पंपाने वर चढते, सकाळी आठला टाकी अर्ध्यावर असते आणि दुपारी भरते. अशा टाकीत ताल जुळणे निव्वळ योगायोग. फ्लशिंगच्या टाकीचीही तीच गत. अग्निशमनाच्या राखीव पाण्याचा विचार मात्र करता येतो, कारण ते नियमानेच भरलेले ठेवायचे असते आणि आग लागली तर डोलण्याची चिंता कोणी करत नाही. त्यासाठी अग्निशमन दलाच्या परवानगीच्या टप्प्यावरच ड्रॉइंग दाखवून मान्यता घ्यावी, जाळ्यांमुळे सक्शन पाइपकडे येणारे पाणी अडत नाही हे दाखवून द्यावे, आणि डॅम्परची खोली राखीव साठ्याच्या किमान पातळीपेक्षा कधीही कमी ठरणार नाही याची खात्री करावी.

स्थिर पाणी म्हटले की डास आलेच. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या तपासणीत उघडी किंवा फटी असलेली टाकी सापडली, की नोटीस येते, आणि ती योग्यच असते. डॅम्परला पाण्यावर मोकळी हवा लागते, पण ती बंद छताखाली ठेवता येते. मॅनहोलची झाकणे घट्ट बसणारी असावीत, हवेच्या पाइपांच्या तोंडांवर बारीक जाळी असावी, आणि तपासणीसाठी शिडी पक्की हवी.

मोजणी आणि पातळी

दर्शनी काचकाम, आतल्या भिंती आणि बहुतेक फिनिशिंग झाल्यावर, टाक्या रिकाम्या असताना इमारत मोजावी. माथ्याजवळच्या मजल्यावर कोअरपाशी दोन्ही दिशांचे अ‍ॅक्सेलरोमीटर आणि दूरच्या कोपऱ्यात आणखी एक बसवावा, म्हणजे पीळ वेगळा ओळखता येतो. यंत्राने हलवण्याची गरज नसते. वाराच ते काम करतो. पावसाळ्यातले वाऱ्याचे दिवस यासाठी उत्तम. ०.२ हर्ट्झच्या इमारतीचे तासाभरात ७२० फेरे होतात. नोंद दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मोडून वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती डोलणे याचा आलेख) काढला, तर वारंवारतेचा शोध एक टक्क्याच्या आत येतो. एकाच तासावर थांबू नये. वेगवेगळ्या वाऱ्यांत अनेक तासांची नोंद घ्यावी, कारण डोलणे वाढले की काँक्रीटच्या इमारतीची वारंवारता किंचित उतरते.

मग त्या आकड्यावरून पातळी काढून पाणी भरावे आणि जाळ्या बसवण्याआधी टाकीचा ताल तपासावा. टोकाच्या भिंतीजवळ प्लायवुडची रुंद फळी तालात पुढे-मागे ढकलत राहिले, की काही मिनिटांत स्वच्छ लाट उभी राहते. फळी काढून घ्यावी आणि भिंतीवरच्या खुणेपाशी पाणी चढण्याचे वीस फेरे स्टॉपवॉचने मोजावेत. आपल्या उदाहरणात त्यांना १०१ सेकंद लागले पाहिजेत; एक सेकंदाची चूक म्हणजे एक टक्का. जाळ्या बसवल्यावर हे वीस फेरे मोजताच येत नाहीत, कारण पाच टक्के अवमंदनात प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या पाऊणपट होत पाच-सहा फेऱ्यांत विरते. तेच मग जाळीच्या तपासणीचे माप होते. जाळ्यांमुळे ताल थोडा संथ होतो, तेवढी पातळीत दुरुस्ती करावी.

शेवटी पुढच्या वाऱ्याच्या काळात, पाणी भरलेल्या अवस्थेत, इमारतीची मोजणी पुन्हा घ्यावी. वर्णपटातला एक उंच सुळका मोडून त्याच्या जागी दोन बुटके, रुंद उंचवटे दिसले, तर डॅम्पर जुळला. दोन्हींची उंची फार वेगळी असेल, तर पातळी दोन-चार सेंटीमीटरने बदलून पाहावे.

सोसायटीकडे सोपवताना

इथून पुढे डॅम्परचे आयुष्य सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आणि प्लंबरच्या हाती जाते. टाकीच्या आतल्या भिंतीवर ठरलेली पातळी न पुसणाऱ्या रंगाने आखावी आणि ती दोन सेंटीमीटरच्या आत राखावी. ओव्हरफ्लो पाइपचे तोंड नेमके त्याच उंचीला ठेवले, तर पातळी वर जाऊच शकत नाही. खाली गेली तर अलार्म वाजावा. बाष्पीभवन आणि बारीक गळती भरून काढण्यासाठी बॉलकॉक असतो, पण त्याची दांडी जरा वाकवून पाणी वाढवणे ही आपल्याकडच्या प्लंबरांची जुनी सवय आहे, म्हणून तो कुलूपबंद पेटीत असावा आणि शेजारी मराठीत व हिंदीत सूचना लावावी.

टाक्या धुण्याचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, एका वेळी एकच टाकी रिकामी करून उरकावे. मे-जूनमध्ये हे काम काढू नये. निसर्ग चक्रीवादळ जून २०२० मध्ये आणि तौक्ते मे २०२१ मध्येच आले होते. प्रत्येक मोठ्या वादळानंतर जाळ्यांचे बोल्ट, भिंतींचे सांधे आणि पाण्याची पातळी पाहून नोंदवहीत लिहावे. वरच्या मजल्यांवर कोणी भिंती पाडून मोठे फेरबदल केले, किंवा शेजारी नवा मनोरा उभा राहिला, तर इमारतीची वारंवारता आणि तिच्यावर येणारा वारा या दोन्ही गोष्टी पुन्हा मोजून घ्याव्यात. त्यासाठी पहिल्या मोजणीचा संपूर्ण अहवाल आणि पातळीचा तक्ता हस्तांतरणाच्या कागदपत्रांत जोडलेला हवा.